तुटेल तो तुमचा

त्या वर्षी पीक आठ दिवस आधीच पिकलं. ऊन एवढं, की दाणा नीट भरायच्या आत काडं पिवळी पडून कडकडायला लागली. वारा सुटला की ओंब्या एकमेकींवर घासायच्या आणि दाणे खाली पडायचे. महिन्याभरात कापणी उरकली नाही तर अर्धं पीक मातीत जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. अशा वर्षी लोहाराच्या दारात रांग लागायला हवी. बायकांनी पहाटेपासून येऊन बसायला हवं, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला हव्यात, आणि माझा विळा आधी का तिचा आधी यावरून एखादं कडाक्याचं भांडण तरी व्हायला हवं.

रांग सोडा, दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

लोहाराच्या भट्टीत घण सून मारायची. नवरा गेला त्याला तीन वर्षं झाली होती, आणि त्याच्या तेराव्या दिवसानंतर घण तिच्या हातात आला होता. म्हातारा सांडशीत लाल पातं धरून ऐरणीवर ठेवायचा, हातोडीने हळूच जागा दाखवायचा, की तिने बरोबर तिथे घण घालायचा. टिक, ठण. टिक, ठण. दिवसदिवस दोघांत याहून जास्त बोलणं नसायचं. तिचे खांदे रुंद झाले होते, मनगटं जाड झाली होती, आणि नळावर बायका तिला म्हणायच्या, "तुझ्याशी भांडायचं म्हणजे जिवावर उदार व्हायचं गं बाई." ती हसायची. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हसलेलं बरं असतं.

म्हाताऱ्याची लेक लांब नांदत होती. तिचा दर महिन्याला निरोप यायचा, भट्टी मोडा, ऐरण विका, माझ्याकडे या. त्या निरोपात सुनेचं नावही नसायचं. सुनेला एक भाऊ होता. पहिल्याच वर्षी ती एकदा त्याच्याकडे राहायला गेली होती, आणि सोळाव्या दिवशी वहिनीने तिच्यापुढे ताट ठेवताना असं आपटलं, की आमटी तिच्या मांडीवर उडाली. भाऊ समोरच जेवत होता. त्याने मान वर केली नाही. ती दुसऱ्या दिवशी परत आली. तेव्हा भट्टी पेटती असेपर्यंत तिला घर होतं, भट्टी विझली की नव्हतं. एवढी साधी गोष्ट होती ती.

"मामंजी, सोळा विळे तयार आहेत," ती म्हणाली. "एकही गेला नाही अजून."

"जातील. कापणी कुठं पळून जाते?" म्हातारा म्हणाला आणि सतराव्याचं लोखंड निखाऱ्यात सरकवायला लागला.

"राहू द्या तो," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि लोखंड परत बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कापणीला गेली. सकाळी शेतात, दुपारनंतर भट्टीवर, असं ती दरवर्षीच करायची. विसाव्या पेंढीला एक पेंढी मजुरी, म्हणजे घरात तेवढंच धान्य. बायकांची टोळी मुकादमीणबाईची. सगळे तिला अक्का म्हणत. अक्काने जी पात, म्हणजे कापायची ओळ, दिली ती धरायची, अक्काने जिथे पाणी प्यायलं तिथे प्यायचं, आणि अक्काने ज्या दुकानातून लुगडं घेतलं त्याच दुकानातून त्या साली पंचवीस बायकांनी घेतलेलं असायचं. अक्का कुणालाच काही घ्यायला सांगत नसे. सांगावं लागतच नव्हतं.

त्या दिवशी बांधावर सगळ्या विळे काढून बसल्या, आणि सून बघतच राहिली. सगळ्यांच्या हातात लाल मूठ. प्लास्टिकची, चकचकीत, वर चार बोटांसाठी चार खाचा. जणू शेतात मिरच्याच पसरल्या होत्या.

"कुठून आणलेत गं?"

"बाजारातल्या हार्डवेअरवाल्याकडून," ज्या बाईला सगळे रेडिओ म्हणायचे ती म्हणाली. तिला कुणी विचारायची वाट बघावी लागत नसे. "कंपनीचा माल आहे. त्याने पहिला अक्कांना असाच दिला, वापरून बघा म्हणाला. फुकट! मग म्हणाला, पन्नासच आलेत, परत येतील का नाही सांगता येत नाही. आम्ही पळत गेलो. मला शेवटून तिसरा मिळाला बघ. माझ्या जावेला मिळालाच नाही, रडत बसली होती बिचारी."

"केवढ्याला?"

रेडिओने किंमत सांगितली. लोहाराच्या विळ्याच्या दुप्पट.

"एवढा महाग?"

"महाग आहे म्हणूनच चांगला असणार ना! उगीच कोण एवढे लावतंय?"

सुनेने आपला विळा पिशवीतून काढला. लाकडी मूठ, हाताच्या घामाने काळी पडलेली. पात्यावर म्हाताऱ्याने पाडलेले दाते एकसारखे, आणि मुठीजवळ पंचाने ठोकलेली तीन टिंबं. म्हाताऱ्याच्या आज्यापासून त्या घराच्या हत्यारावर ती टिंबं असायची. कुणीतरी फिस्सकन हसलं. अक्का हसली नाही. अक्काने फक्त सगळ्यांना पाती वाटून दिल्या आणि सर्वांत शेवटची, बांधाकडची, जिथे पीक विरळ आणि काटे जास्त, ती हाताने दाखवली. "तू तिकडं घे. मध्ये धरलीस तर तुझ्यामुळे सगळी ओळ मागं राहील. हत्यार जुनं आहे तुझं."

ओळ कुणामुळे मागे राहते ते सगळ्यांना दिसत होतं. सून आपली पात संपवून उभी राहायची तेव्हा अर्ध्या बायका निम्म्यावर असायच्या. पण बांधाकडे पीकच कमी, तर पेंढ्या कुठून होणार? संध्याकाळी तिच्या वाट्याला दोन पेंढ्या आल्या. रेडिओला चार. पिंढऱ्यांवर काट्यांचे ओरखडे घेऊन ती घरी आली आणि म्हाताऱ्याला काहीही न सांगता तिने भाकरी थापल्या.

बाजाराच्या दिवशी तिने सोळाच्या सोळा विळे गोणपाटावर मांडले आणि म्हाताऱ्याच्या मनाविरुद्ध भाव उतरवला. जरा वेळाने आणखी उतरवला. एक बाई थांबली. तिने विळा उचलला, अंगठ्याने धार बघितली, मान डोलावली. मग भाव विचारला आणि ऐकल्यावर विळा असा खाली ठेवला, की जणू तो गरम होता. "एवढा स्वस्त? काय खोट आहे याच्यात?"

"काही खोट नाही, बाई. दहा वर्षं टिकेल."

"दहा वर्षं टिकणारा कुणी एवढ्यात देतं का?" ती म्हणाली आणि समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरली. दाराशी काळी पाटी टांगलेली होती, त्यावर खडूने लिहिलं होतं, लाल विळा, उरले फक्त आठ. सून दुपारपर्यंत तिथे बसली होती. सहा जणी घेऊन बाहेर पडल्या. पाटीवर आठच होते.

म्हातारा दिवसभर तोंड फिरवून बसला होता. परतताना एवढंच म्हणाला, "भाव उतरवायला नको होता. माणूस पडला की लोक बघायला येतात. भाव पडला की तेवढंही येत नाहीत."

तीन दिवसांनी हार्डवेअरवाला स्वतः भट्टीवर आला. माणूस वाईट दिसत नव्हता. पांढरा शर्ट, कपाळावर घाम, पायांत झिजलेल्या चपला. त्याने आधी पाणी मागितलं, मग म्हाताऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली, मग ऐरणीवर हात फिरवून म्हणाला, "काय वस्तू आहे! आता मिळणार नाही अशी." मग मुद्द्यावर आला. त्याचे लाल विळे संपले होते. माल आठ दिवस येणार नव्हता, आणि कापणी तर आज सुरू होती, आठ दिवसांनी नव्हती. मुठी मात्र त्याच्याकडे सुट्या पोतंभर होत्या.

"तुमची पाती द्या. मुठी मी बसवतो. जेवढे कराल तेवढे घेतो."

"आमच्या नावानं?" म्हाताऱ्याने विचारलं.

दुकानदार हसला. अगदी मनापासून, लहान मूल काहीतरी बोलल्यावर हसावं तसा. "बाबा, तुमच्या नावानं खपले असते तर मी इथं कशाला आलो असतो?"

म्हातारा उठून आत गेला. दुकानदार सुनेकडे वळला. "ती तीन टिंबं तेवढी नकोत. कानशीने घासून टाका. लोकांच्या नजरा फार वाईट."

तो गेल्यावर ती आत गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता.

"मामंजी, पातं तर तुमचंच राहणार ना?"

"माझं कसं? टिंबं काढली की ते कुणाचंही."

"आणि भट्टी बंद झाली तर?" ती म्हणाली. पुढचं तिने बोलायला नको होतं, पण ती बोलली. "तुम्हाला लेक आहे. तुम्ही जाल. मी कुठं जाऊ? मला सांगा, मी कुठल्या दारात जाऊन बसू?"

म्हातारा उठून बसला. मग म्हणाला, "कानस खुंटीला आहे."

तिने सोळा विळ्यांच्या मुठी ठोकून काढल्या, आणि एकेक पातं चिमट्यात धरून टिंबं घासायला बसली. कानशीखाली लोखंडाचा बारीक चुरा पडत होता, तिच्या मांडीवर, पायांच्या बोटांमध्ये. टिंबं खोल होती. तिसरं टिंब तर काही केल्या जाईना. म्हातारा तिकडे बघत नव्हता. तो भाता ओढत होता, पुढच्या पात्यांसाठी, आणि निखाऱ्यांच्या उजेडात त्याचा चेहरा लाल दिसत होता. त्या आठवड्यात दोघांनी मिळून आणखी वीस पाती केली. त्यांना टिंबं ठोकलीच नाहीत, म्हणजे घासायचं काम वाचलं. दुकानदाराने जो भाव दिला तो त्यांनी बाजारात उतरवलेल्या भावाहून खाली होता. पण घेतले मात्र सगळे.

आणि मग शेतात तो तमाशा सुरू झाला, ज्यासाठी तिच्या मनाची तयारी नव्हती.

नवे लाल विळे आले आणि बायका खूश झाल्या. "हा लॉट आधीच्यापेक्षा चांगला आहे गं," रेडिओ सांगत फिरली. "आधीचा जरा हातात कुचकुचायचा. हा बघ, लोण्यासारखा जातो." अक्काने आपला जुना लाल विळा लेकीला दिला आणि स्वतःसाठी नवा घेतला. सून शेवटच्या पातीत वाकून कापत होती. पलीकडच्या पातीत चाललेला विळा कुणाचा ते तिला आवाजावरून कळत होतं. आपल्या पात्याचा आवाज कोरडा आणि सलग येतो. कंपनीचा विळा अडखळतो.

"लोहारबाबांनी जन्म घालवला ऐरणीवर," अक्का दुपारच्या भाकरीला बसली तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पण असं पातं त्यांच्या हातून काही झालं नाही. खोटं कशाला बोला? म्हाताऱ्याचा हात कायमच जड."

"आणि किती माज होता!" रेडिओ म्हणाली. "दोनदा दाते पाडायला नेला तर बोलायचे, नीट वापरत नाहीस म्हणून."

सगळ्या हसल्या. सुनेने अर्धी भाकरी फडक्यात बांधली आणि पातीकडे निघाली. पहिल्या दिवशी ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी अक्काने आपला विळा तिच्या नाकासमोर धरला. "घे, हात लावून बघ. तुझ्या सासऱ्याला सांग जाऊन, विळा कशाला म्हणतात."

"त्यांना काय सांगायचं?" ती म्हणाली. "त्यांनीच केलाय तो."

अक्काने विळा खाली घेतला.

"काय म्हणालीस?"

"आमच्या भट्टीतला आहे तो. तुमचाही, आणि हिचाही. मूठ तेवढी दुकानदाराची आहे." तिला बरं वाटत होतं. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. "मी घण घातलाय त्याच्यावर."

अक्काने विळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग अशी काही हसली की तिच्या मागोमाग सगळी टोळी हसायला लागली. रेडिओच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, कंपनी हिच्या घरी आहे! आम्हाला माहीतच नव्हतं!" दिवसभर मग "कंपनीवाली, पाणी दे," "कंपनीवाली, पेंढी बांध," असं चाललं. कुणीही तिच्यावर विश्वास ठेवला नाही. संध्याकाळी घरी येताना तिला वाटलं, झालं ते बरंच झालं, बोलूनही काही बिघडलं नाही.

चौथ्या दिवशी अक्काच्या लेकीचा विळा तुटला.

सकाळची वेळ होती, ऊन नुकतं तापायला लागलेलं. पोरीने डाव्या हातात मूठभर जाड काडं धरली, उजव्याने विळा जोरात ओढला, आणि पातं मुठीजवळ कट्कन मोडलं. मोडलेलं पातं ओढीच्या झपाट्यात उलटं फिरलं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांवरून गेलं. पोरगी ओरडलीसुद्धा नाही आधी. बोटांकडे बघत राहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नुसत्या कातडीवर लोंबत होती. मग रक्त आलं आणि मग ती ओरडली.

सून सर्वांत लांबच्या पातीत होती तरी सर्वांत आधी तीच पोचली. तिने डोक्याचा फडका फाडून मनगट आवळून बांधलं, हात वर धरला, पोरीला अंगावर टेकवून घेतलं. पोरीचं पुढच्या महिन्यात लग्न होतं. ती पुन्हापुन्हा एकच गोष्ट विचारत होती, "ते लोक आता काय म्हणतील? मावशी, ते काय म्हणतील?" बैलगाडी येईपर्यंत सुनेची छाती आणि पोट रक्ताने माखलं होतं. पोरीला गाडीत घातलं तेव्हा अक्का वाकली, मातीतून मोडकं पातं उचललं, आणि तिच्याकडे वळली.

"काय म्हणाली होतीस तू? कुणाच्या भट्टीतला?"

"हा नाही," सून म्हणाली. "अक्का, हा तुमचा पहिला विळा आहे. त्यानं फुकट दिलेला. आमचे त्याच्यानंतर गेलेत."

"काल सगळे तुझे होते. आज तुटला तर तुझा नाही?"

सून पोरीचं रक्त पुसेपर्यंत रेडिओ गावाच्या निम्म्या वाटेवर पोचली होती.

दुकानदाराने दुपारी दुकानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्यांसमोर कान पकडले. "माझीच चूक. म्हाताऱ्याची दया आली मला. सून विधवा, घरात कमावतं कुणी नाही. म्हटलं घेऊ थोडा माल. मला काय माहीत असं होईल? कंपनीच्या मालाची गॅरंटी मी देतो. त्यांच्या मालाची कशी देणार?" एवढं बोलून त्याने अक्काच्या लेकीसाठी नवा कोरा लाल विळा आतून आणून दिला. फुकट. बायकांना गहिवरून आलं. एक हात जायबंदी झालेल्या पोरीला विळा कशाला, हे कुणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी उन्हं कलायच्या आत टोळी भट्टीवर आली. सगळ्या जणी, आणि त्यांच्यामागे काही नवरे, हात मागे बांधून. म्हातारा ऐरणीशी बसला होता. अक्काने मोडकं पातं त्याच्यासमोर टाकलं. त्याने उचललं, मोडल्या जागी बोट फिरवलं, उन्हाकडे धरून बघितलं.

"हे पत्र्यातून छापून काढलंय," तो म्हणाला. "ठोकलेलं नाही. आतले कण बघा, साखरेसारखे. लाल तापवून पाण्यात बुडवतात, ते पाणी याला दिलेलंच नाही नीट."

"म्हणजे तुम्ही नीट दिलं नाही," अक्का म्हणाली.

"अहो, हे माझं नाहीच."

"तुमच्या सुनेने पंचवीस जणींसमोर सांगितलंय. तुमचे विळे आमच्यात मिसळलेत. कुठले ते ओळखून काढा आणि घेऊन जा. आमच्या पोरींची बोटं काय रस्त्यावर पडली आहेत?"

सुनेच्या डोक्यात उजेड पडला. हे तर सोपं होतं. "ओळखून देते," ती म्हणाली. "सगळे विळे इथं ठेवा. एकेक ऐरणीवर आडवा धरून मुठीजवळ एक घाव घालते. आमचं पातं वाकेल, पण मोडणार नाही. दुकानातलं मोडेल. आत्ता कळेल."

म्हाताऱ्याने हात आडवा केला. "नको, सूनबाई."

"का नको? मोडूच देत!"

"घाल," अक्का म्हणाली. "तुटेल तो तुमचा."

सुनेला ते शब्द ऐकू आले, पण त्यांचा अर्थ लागला नाही. तिने हातोडा उचलला होता. पहिला विळा रेडिओचा. म्हाताऱ्याने सांडशीत धरला, तिने घाव घातला. पातं वाकलं, खणकन वाजलं आणि सरळ झालं.

"बघा!" सून म्हणाली.

"बघा!" रेडिओ तिच्याहून मोठ्याने म्हणाली. "कंपनीचा आहे माझा!" आणि तिने झडप घालून तो परत घेतला, छातीशी धरला.

दुसरा. घाव बसला आणि पातं दोन तुकडे होऊन पडलं. गर्दीतून हाय निघाली. "हा यांचा!" कुणीतरी ओरडलं. "बघा, बघा, यांचाच! माझ्या बायकोच्या हातात होता हा!"

"अहो नाही, उलटं आहे," सून म्हणाली. "मोडला तो..."

"घाल पुढचा."

तिसरा वाकून सरळ झाला. कंपनीचा. चौथा मोडला. यांचा. पाचवा मोडला. यांचा. प्रत्येक मोडक्याबरोबर आवाज वाढत होता, आणि प्रत्येक न मोडलेल्याबरोबर कंपनीचं कौतुक होत होतं. सुनेला थांबता येईना. तिला वाटत होतं, पुढच्या घावाला तरी यांना दिसेल. घामाने तिचा हातोडा हातातून निसटायला लागला होता. शेवटी तिने एक न मोडलेला विळा उचलला आणि त्याची लाल मूठ दगडावर आपटून फोडली. मुठीत झाकलेली पात्याची शेपटी वर करून दाखवली. "हे बघा, इथं कानशीने घासलंय. मी घासलंय. आमची टिंबं होती इथं. हे बघा ओरखडे!"

"कंपनीत कानशी नसतात का?" एका नवऱ्याने विचारलं.

"तिसरं टिंब अजून जरासं दिसतंय, हात लावून बघा!"

"माझी मूठ फोडली हिने!" विळ्याची मालकीण रडायला लागली. "चांगला विळा होता माझा! अक्का, बघा ना, आपला मोडला म्हणून दुसऱ्यांचे मोडते!"

ते टिंब बघायला कुणीही पुढे आलं नाही. सून तशीच हात पुढे करून उभी होती.

"मामंजी, तुम्ही सांगा," ती म्हणाली. "तुम्ही सांगा ना यांना."

म्हातारा मोडक्या पात्यांच्या ढिगाकडे बघत होता. सात पाती मोडली होती. त्याने एक उचललं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. तो ज्या आवाजात बोलला तो आवाज तिने यापूर्वी ऐकला नव्हता.

"असतील," तो म्हणाला. "आमचेच असतील. नजर कमी झाली आहे माझी. पात्याचा रंग आता नीट कळत नाही, पाणी देताना चूक होत असेल."

"मामंजी!"

"गप्प, सूनबाई. एवढी सगळी माणसं सांगतायत. सगळी खोटी असतात का?"

गर्दी लगेच मवाळ झाली. हेच त्यांना हवं होतं. अक्काने नुसती मान हलवली. "वय झालं की होतं, बाबा. पण सांगायला हवं होतं." मग ज्यांचे मोडले त्यांना म्हाताऱ्याने माळ्यावर पडलेले जुने विळे काढून दिले. बायकांनी ते घेतले, पण लाकडी मूठ बघून नाकं मुरडली.

म्हाताऱ्याने भट्टी मोडायचं ठरवलं आणि लेकीला निरोप धाडला. पाच दिवसांनी तिच्याकडून बैलगाडी आली. सुनेने भावाला निरोप धाडला होता. त्याचं उत्तर आलं, की सध्या घरात धान्याची पोती आहेत, जागा नाही, कापणी संपल्यावर बघू. अक्काने मात्र तिला टोळीत राहू दिलं. मोठ्या मनाने म्हणाली, "तिची काय चूक? सासऱ्याने केलं ते तिने भोगायचं का? गोठ्यात राहा माझ्या. पण विळा घेशील तो चांगला घे." तिने मान खाली घालून होकार दिला. दुसरीकडे जायला तिला वाटच नव्हती.

ऐरण आणि घण हार्डवेअरवाल्याने वजनावर घेतले. गाडीत म्हाताऱ्याचं अंथरूण, एक पेटी, पाण्याचा हंडा आणि हातोडी. निघायच्या सकाळी दारात माणसं जमली. सुनेला वाटलं, निरोप द्यायला आली असतील. रेडिओ पुढे होती. तिने पदराआडून विळा काढला.

"बाबा, जाताजाता तेवढे दाते पाडून द्या ना. कापणी अजून चार दिवस आहे. धार गेली."

तिच्यामागे आणखी बऱ्याच बायका होत्या. सगळ्यांच्या हातात लाल मुठी. म्हातारा गाडीतून उतरला. पेटी उघडून त्याने छिन्नी काढली, चाकाशी एक दगड ओढला आणि खाली बसला. एकेक विळा घेऊन तो दाते पाडत गेला. सून शेजारी उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती. चौथा विळा त्यांच्याच भट्टीतला होता. तिने तो लांबूनच ओळखला. पाठीचा बाक तोच, आणि पात्याच्या पोटाकडचा उतार म्हाताऱ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही साधत नव्हता. ओळखू दे यांना, ती मनात म्हणाली. कुणाला सांगू नका, पण तुम्ही तरी ओळखा.

म्हाताऱ्याने विळा हातात फिरवला. डोळ्याजवळ नेला. अंगठा पात्यावरून, पाठीवरून, मुठीपर्यंत नेला आणि तिथे जरा थांबला. मग त्याने दाते पाडले, पातं धोतराला पुसलं आणि विळा त्या बाईच्या हातात दिला.

"जपून वापर, पोरी," तो म्हणाला. "कंपनीचा माल आहे. आमच्या हातून असं काम कधी झालं नाही."

बाई खूश होऊन बाजूला झाली. सुनेने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. तो खोटं बोलत असेल, तर तसं त्याच्या तोंडावर काहीही नव्हतं. त्याने पुढच्या विळ्यासाठी हात पुढे केला.